जेडेप्स म्हणतं सगळं ठीक, पण जेलिंकच्या इमेजमध्ये एक्स्पोर्टचा मेनूच रिकामा. सर्व्हिस डिपेंडन्सी तपासायच्या कशा?

पॅकेजप्रायव्हेट · सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, दोन दिवस झाले डोकं फिरलंय, कोणीतरी सोडवा. आमचं जावाचं डेस्कटॉप ॲप आहे, ११ मॉड्यूल, सगळ्यांना व्यवस्थित मॉड्यूल-इन्फो (कोणाला काय लागतं, कोण काय देतं हे सांगणारा डिस्क्रिप्टर) आहे, कुठेही जुगाड नाही. रिपोर्ट एक्स्पोर्ट करायला एक एक्स्पोर्टर नावाचा इंटरफेस (हीच आमची सर्व्हिस) एपीआय मॉड्यूलमध्ये ठेवलाय आणि सीएसव्ही, एक्सेल, पीडीएफ अशी तीन वेगळी मॉड्यूल तो इंटरफेस प्रोव्हाइड करतात. कोअर मॉड्यूल सर्व्हिसलोडरने (ॲप चालताना सर्व्हिस देणारे क्लास, म्हणजे प्रोव्हायडर, शोधायची जावाची सोय) ते शोधतं आणि मेनूत दाखवतं. आयडीईतून (कोड लिहायच्या एडिटरमधून) रन केलं की तिन्ही दिसतात. जेलिंकने (लागणारी मॉड्यूल आणि जावा एकत्र बांधून देणारं टूल) इमेज बनवली, ॲप सुरू होतं, लॉगिन होतं, रिपोर्ट दिसतो, आणि एक्स्पोर्टचा मेनू उघडला तर आत काहीच नाही. रिकामी पांढरी पट्टी. लॉग साफ, एक्सेप्शन नाही, वॉर्निंगसुद्धा नाही.

जेडेप्स (कोण कोणावर अवलंबून आहे ते दाखवणारं जावाचं टूल) प्रत्येक मॉड्यूलवर चालवून पाहिलं, सगळ्या डिपेंडन्सी जागेवर, एकही मिसिंग नाही. मग प्रोव्हायडर गेले कुठे? आणि मुळात अशा डिपेंडन्सी तपासायचं काही टूल आहे का की नुसतं चालवून बघायचं?

नलपॉइंटर · सोमवार, रात्री ११:५२

कोअरच्या मॉड्यूल-इन्फोत युजेस (ही सर्व्हिस मी वापरतो असं सांगणारी ओळ) लिहिलंयस का? ९९ टक्के वेळा तेच विसरलेलं असतं.

पॅकेजप्रायव्हेट · सोमवार, रात्री ११:५५

लिहिलंय रे, चार वेळा बघितलं. स्पेलिंगसकट.

सेमीकोलनताई · मंगळवार, सकाळी ८:१०

युजेस विसरलं असतं तर मेनू असा गुपचूप रिकामा राहिला नसता, सरळ आपटलं असतं. नेम्ड मॉड्यूलमधून सर्व्हिसलोडर-डॉट-लोड केलं आणि त्या मॉड्यूलच्या डिस्क्रिप्टरमध्ये युजेस नसेल तर तिथल्या तिथे सर्व्हिस-कॉन्फिगरेशन-एरर पडते, अमुक मॉड्यूल युजेस डिक्लेअर करत नाही असं मेसेजमध्ये स्वच्छ लिहून येतं. तुझ्याकडे एररच नाही म्हणजे लोडर नीट चालला, शोध घेतला आणि शून्य प्रोव्हायडर सापडले. शून्य प्रोव्हायडर ही जावाच्या दृष्टीने चूक नाहीच मुळी. नुसता रिकामा इटरेटर मिळतो, फॉर लूप शून्य वेळा फिरतो आणि पुढे चालू.

आता एक सांग, जेलिंकला ॲड-मॉड्यूल्समध्ये (इमेजमध्ये घ्यायच्या मॉड्यूलच्या यादीत) काय काय दिलंयस?

पॅकेजप्रायव्हेट · मंगळवार, सकाळी ९:०२

फक्त ॲपचं मेन मॉड्यूल. बाकीचं रिक्वायर्स (अमुक मॉड्यूल मला हवंच, ही ओळ) वरून ते स्वतःच ओढून घेतं ना?

जुनंखोड · मंगळवार, सकाळी ९:४५

रिक्वायर्स वरून ओढतं, बरोबर. पण तुझे एक्स्पोर्टर कोणी रिक्वायर केलेतच कुठे? सर्व्हिस वापरायचा मुद्दाच तो असतो की कोअरला सीएसव्हीचं नावही माहीत नसावं. मग जेलिंकला तरी कसं कळणार. मेन मॉड्यूलपासून रिक्वायर्सच्या दोऱ्या धरून ते जिथवर जातं तिथवरची मॉड्यूल इमेजमध्ये टाकतं आणि थांबतं. तुझी तीन मॉड्यूल त्या दोरीला बांधलेलीच नाहीत, फोल्डरमध्ये शेजारी पडून आहेत.

आता तू विचारशील मग आयडीईत कसं चालतं. तिथे जावा लाँचर (ॲप चालवणारी जावा कमांड) वेगळं काम करतो. आधी रिक्वायर्सचं गणित सोडवतो, आणि मग दुसरी फेरी मारतो: आत आलेल्या प्रत्येक मॉड्यूलचे युजेस बघायचे, मॉड्यूल पाथवर (मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांत) त्या सर्व्हिसचं प्रोव्हाइड्स लिहिलेलं मॉड्यूल दिसलं की तेही आत घ्यायचं, त्याचे रिक्वायर्स घ्यायचे, नवीन मॉड्यूलचे युजेस पुन्हा बघायचे, नवं काही यायचं थांबेपर्यंत. याला सर्व्हिस बाइंडिंग म्हणतात. एपीआयमध्येसुद्धा दोन वेगळ्या मेथड आहेत, नुसतं रिझॉल्व्ह आणि रिझॉल्व्ह-अँड-बाइंड. लाँचर दुसरी वापरतो, जेलिंक सांगितल्याशिवाय पहिल्यावरच थांबतं. तुझा सगळा घोळ या एका फरकाचा आहे.

जेडेप्सचं म्हणशील तर ते बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) वाचतं, या क्लासने त्या क्लासचं नाव घेतलं का एवढंच बघतं. तुझ्या कोअरच्या बाइटकोडमध्ये एक्स्पोर्टर इंटरफेसचं नाव आहे, सीएसव्ही एक्स्पोर्टरचं कुठेच नाही. जे नावच कोणी घेतलेलं नाही ते जेडेप्स मिसिंग म्हणून कसं दाखवणार? जेडेप्स खोटं बोललं नाही, तू विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. प्रश्न वेगळा विचारायला हवा होता.

सर्व्हिसलोडर काही आजचा नाही, २००६ मध्ये जावा ६ बरोबर आलाय, तेव्हा मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरमध्ये टेक्स्ट फाइल ठेवायचो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये जावा ९ आलं आणि तेच युजेस, प्रोव्हाइड्स म्हणून मॉड्यूल-इन्फोत गेलं. रिकामा इटरेटर गुपचूप परत द्यायची सवय मात्र पहिल्या दिवसापासूनची.

रात्रीचा_बिल्ड · मंगळवार, सकाळी १०:२०

जेलिंकला --बाइंड-सर्व्हिसेस दे, सुटेल प्रश्न.

पॅकेजप्रायव्हेट · मंगळवार, दुपारी १२:३५

जुनंखोड काका, दंडवत. हे एवढं सरळ करून कोणी सांगितलंच नव्हतं.

--बाइंड-सर्व्हिसेस दिलं. दोन गोष्टी झाल्या. एक, इमेजचा आकार जवळपास दुप्पट झाला, उघडून बघितलं तर आत जावाचा कंपायलर, जावाडॉक, जेलिंक स्वतः, सगळी वरात हजर. दुसरं, मेनूत सीएसव्ही आणि एक्सेल आले. पीडीएफ अजूनही नाही!!

सेमीकोलनताई · मंगळवार, दुपारी १:१५

वरात का आली ते सांगते, पीडीएफकडे नंतर येऊ. जावा-बेस मॉड्यूल स्वतःच ढीगभर युजेस लिहून बसलंय. त्यातली एक सर्व्हिस आहे टूल-प्रोव्हायडर, म्हणजे जावा प्रोग्रॅममधून कमांडलाइन टूल चालवायची सोय. ती सर्व्हिस कोण देतं? कंपायलरचं मॉड्यूल देतं, जार टूलचं (जार म्हणजे क्लास भरलेली एक फाइल) देतं, जावाडॉकचं देतं, जेलिंकचं देतं. तू म्हणालास सगळ्या सर्व्हिस बांध, त्याने सगळ्या बांधल्या. तुझ्या तीन एक्स्पोर्टरसाठी अख्खं कारखान्याचं सामान भरलंस.

त्यापेक्षा जेलिंकला --सजेस्ट-प्रोव्हायडर्स हा ऑप्शन आहे, तो कोणाला माहीतच नसतो. हा इमेज बनवत नाही, फक्त यादी छापतो. मॉड्यूल पाथ दे, ॲड-मॉड्यूल्स मध्ये मेन मॉड्यूल दे, आणि हे लाव. अमुक मॉड्यूल, अमुक सर्व्हिस प्रोव्हाइड करतं, अमुक मॉड्यूल ती वापरतं, अशा ओळी येतात. नुसतं लावलंस तर जेडीकेच्याच, म्हणजे जावाच्या स्वतःच्या मॉड्यूलच्या, ओळींचा पूर येईल, म्हणून पुढे तुझ्या इंटरफेसचं पूर्ण नाव पॅकेजसकट दे. मग फक्त त्या सर्व्हिसचे प्रोव्हायडर दिसतील. जे हवेत ते ॲड-मॉड्यूल्समध्ये नावाने घाल, बाइंड-सर्व्हिसेस काढून टाक.

(कमांड सगळ्या देवनागरीत येतायत, फोनवरून टाइप करतेय, समजून घ्या.)

रात्रीचा_बिल्ड · मंगळवार, दुपारी १:४०

ताईंचं बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. पण एक इशारा, बाइंड-सर्व्हिसेस काढलं की उलट बाजूने मार बसतो तो मी खाल्लाय. आपले प्रोव्हायडर सगळ्यांना आठवतात, जेडीकेचे स्वतःचे कोणाला आठवत नाहीत. जावा १७ वर आमची इमेज मस्त छोटी केली, सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि पहिल्याच दिवशी एका सर्व्हरला एचटीटीपीएसने जोडायला गेलो तर हँडशेक फेल्युअर. एवढाच मेसेज. आम्ही दीड दिवस सर्टिफिकेट बघत बसलो, त्या सर्व्हरच्या माणसांना फोन करून छळलं. शेवटी निघालं काय, तर एलिप्टिक कर्व्हवालं क्रिप्टो हे जेडीके-क्रिप्टो-ईसी या वेगळ्या मॉड्यूलमध्ये आणि ते सिक्युरिटी प्रोव्हायडर या सर्व्हिसमधून येतं, रिक्वायर कोणीच करत नाही. म्हणून इमेजमध्ये नाही. जावा २२ पासून ते जावा-बेसमध्येच हलवलंय, पण अजून १७ आणि २१ वर बसलेले कितीतरी आहेत.

तसंच जेडीके-लोकेलडेटा. ते नसलं की तारखा, महिने इंग्रजीतच येतात, एरर काही नाही. आणि झिप फाइल फाइलसिस्टिमसारखी उघडायची असेल तर जेडीके-झिपएफएस, तिथे निदान प्रोव्हायडर सापडला नाही असं एक्सेप्शन तरी पडतं. सिक्युरिटी प्रोव्हायडर आणि फाइलसिस्टिम प्रोव्हायडर या दोन सर्व्हिसची नावं देऊन सजेस्ट-प्रोव्हायडर्स एकदा तरी चालवाच.

नलपॉइंटर · मंगळवार, दुपारी २:०५

पीडीएफ का येत नाही ते बघायला --शो-मॉड्यूल-रिझोल्यूशन वापर ना. जावा लाँचरलाच लावायचं, प्रत्येक मॉड्यूल आत का आलं ते छापतं. रूट म्हणजे सुरुवातीचं मॉड्यूल म्हणून आलं, कोणी रिक्वायर केलं म्हणून आलं, की बाइंड्स म्हणजे सर्व्हिसमुळे आलं. आउटपुट प्रचंड येतं, जेडीकेच्याच पन्नास ओळी असतात, म्हणून सोबत --लिमिट-मॉड्यूल्स जावा-बेस लाव, कचरा कमी होईल.

पॅकेजप्रायव्हेट · मंगळवार, दुपारी ३:३०

नलपॉइंटर, तुझा सल्ला ऐकला आणि आता साधं जावा कमांडने चालवलं तरी तिन्ही गायब. आधी निदान दोन तरी दिसत होते 😭

सेमीकोलनताई · मंगळवार, दुपारी ३:४८

😀 लिमिट-मॉड्यूल्सने जेडीकेचा कचरा कमी होतो तसे तुझे प्रोव्हायडरही कमी होतात. तो ऑप्शन म्हणजे दिसणारं जगच आखडतो. नाव दिलेली मॉड्यूल आणि ती ज्यांच्यावर उभी आहेत ती, शिवाय मेन मॉड्यूल आणि ॲड-मॉड्यूल्समध्ये दिलेली, एवढीच दिसणार. तुझे एक्स्पोर्टर या कशातच नाहीत, म्हणून बाइंडिंगच्या फेरीत ते दिसलेच नाहीत. लिमिटच्या यादीत जावा-बेस बरोबर तुझ्या तिन्ही मॉड्यूलची नावं घाल, मग आउटपुट आवाक्यात येईल आणि खरंही असेल.

खरं तर हे उलटंही वापरता येतं. जेलिंकच्या इमेजमध्ये काय होईल ते इमेज न बनवता बघायचं असेल तर लिमिट-मॉड्यूल्समध्ये फक्त मेन मॉड्यूल द्यायचं. मेनू रिकामा झाला की समजायचं इमेजमध्येही रिकामाच असणार.

नलपॉइंटर · मंगळवार, दुपारी ३:५५

चूक झाली माझी, मी आजवर प्रोव्हायडर नसलेल्या ॲपवरच ते वापरत आलो 🙈

नवाभिडू · मंगळवार, संध्या. ६:१०

धागा हायजॅक करत नाही पण प्रश्न जवळचाच आहे. आमच्याकडे सर्व्हिस शोधायचं एक कॉमन हेल्पर आहे, युटिल मॉड्यूलमध्ये, त्याला कुठलाही इंटरफेस द्या तो सर्व्हिसलोडर चालवून लिस्ट परत देतो. क्लासपाथवर (मॉड्यूल यायच्या आधीची जारांची यादी) वर्षानुवर्षं चालत होतं. मॉड्यूल केल्यापासून ताई म्हणतात तीच युजेसची एरर, पण वापरणाऱ्या मॉड्यूलमध्ये युजेस लिहिलंय तरी!

जुनंखोड · मंगळवार, संध्या. ६:४०

कारण लोड कोणी बोलावलं हे जावा बघतं, आणि तुझ्या बाबतीत बोलावणारा आहे युटिल. वापरणाऱ्याने युजेस लिहिलं काय आणि न लिहिलं काय, युटिलच्या डिस्क्रिप्टरमध्ये नाही ना. हा मॉड्यूल करताना घरोघरी निघणारा किस्सा आहे. दोन वाटा. एक, हेल्परला इंटरफेसचा क्लास न देता वापरणाऱ्यानेच लोड करून तयार लोडर हेल्परला द्यायचा, हेल्परने फक्त फिल्टर, सॉर्ट वगैरे करावं. मला हीच आवडते कारण युजेस ज्याचं त्याच्याकडे राहतं आणि तपासणीत दिसतं. दुसरी, युटिलने स्वतःच्या मॉड्यूल ऑब्जेक्टवर ॲड-युजेस बोलवायचं, ते स्वतःपुरतं चालतं. पण ते रनटाइमला होतं, बाइंडिंगची फेरी तेव्हा होऊन गेलेली असते, म्हणजे परवानगी मिळेल पण जे प्रोव्हायडर आत आलेच नाहीत ते काही येणार नाहीत.

नवाभिडू · मंगळवार, संध्या. ६:५५

पहिली वाट करतो. आभार काका.

रात्रीचा_बिल्ड · मंगळवार, रात्री ९:१५

एक वेगळा विचार मांडतो, शिव्या घालू नका. जर तिन्ही एक्स्पोर्टर तुम्हीच लिहिलेत, तुम्हीच शिप करता, बाहेरचं प्लगिन येणारच नाही, तर सर्व्हिसचा एवढा सोस कशाला? सरळ रिक्वायर्स टाका, नसेल तर ॲप सुरूच होणार नाही, बोंब पहिल्या सेकंदाला.

सेमीकोलनताई · मंगळवार, रात्री ९:४०

शिव्या नाही पण अर्धंच पटलं. कोअरने पीडीएफ मॉड्यूल रिक्वायर केलं आणि पीडीएफला कोअरमधलं काही लागलं की चक्र झालं, मॉड्यूलमध्ये चक्र कंपायलर चालवून घेत नाही. शिवाय कोअरला उगाच पीडीएफ कळायला लागतं.

पण बोंब पहिल्या सेकंदाला व्हावी हे शंभर टक्के पटलं. त्यासाठी आम्ही एक डिस्ट्रिब्युशन मॉड्यूल करतो. त्यात एकही क्लास नाही, फक्त मॉड्यूल-इन्फो, आणि आत मेन मॉड्यूलसकट जे प्रोव्हायडर असायलाच हवेत त्यांचे रिक्वायर्स. कोअरला काही माहीत नाही, एपीआयला काही माहीत नाही, पण जेलिंकला रूट म्हणून हे मॉड्यूल दिलं की सगळे आपोआप आत. एखादं जार फोल्डरमधून हरवलं की जेलिंकच फाइंड-एक्सेप्शन देऊन थांबतं, अमुक मॉड्यूल सापडलं नाही, अमुकला हवं होतं म्हणून. गुपचूप रिकाम्या मेनूपेक्षा कधीही बरं. आणि कुठल्या ग्राहकाला कुठले एक्स्पोर्टर हे एकाच फाइलीत वाचता येतं.

रात्रीचा_बिल्ड · मंगळवार, रात्री ९:४८

हे भारी आहे. उद्याच ढापतो.

नलपॉइंटर · बुधवार, सकाळी ९:२०

ऑटोमॅटिक मॉड्यूलचं काय पण? आमची निम्मी थर्ड पार्टी जारं मॉड्यूल-इन्फो नसलेली आहेत.

जुनंखोड · बुधवार, सकाळी ९:५०

मॉड्यूल पाथवर ठेवलंस तर त्यांच्या मेटा-इन्फमधल्या सर्व्हिस फाइली प्रोव्हाइड्स म्हणून वाचल्या जातात, बाइंडिंगमध्येही येतात. डेटाबेसचा ड्रायव्हर असाच येतो, जावा-एसक्यूएल मॉड्यूल ड्रायव्हर सर्व्हिस युजेस करतं ना. पण जेलिंक ऑटोमॅटिक मॉड्यूल इमेजमध्ये घेतच नाही, सरळ नकार. एक तर त्याला मॉड्यूल-इन्फो लिहून दे, जेडेप्सचा --जनरेट-मॉड्यूल-इन्फो कच्चा खर्डा काढून देतो, सर्व्हिस फाइलींवरून प्रोव्हाइड्सही लिहितो, युजेस मात्र तुझे तुलाच शोधून लिहावे लागतात. नाहीतर इमेजबाहेर फोल्डरमध्ये ठेव आणि चालवताना मॉड्यूल पाथ दे.

एक उलटी गंमतही ध्यानात ठेव. नीट मॉड्यूल-इन्फो असलेलं जार मॉड्यूल पाथवर असेल तर त्याची मेटा-इन्फमधली सर्व्हिस फाइल वाचलीच जात नाही, फक्त प्रोव्हाइड्स. तेच जार क्लासपाथवर टाकलंस तर मॉड्यूल-इन्फो वाचलं जात नाही, फक्त फाइल. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्याने दोन्ही ठेवावं, आणि दोन्हींत तेच नाव आहे ना हे बघावं. आणि सगळी जारं मिसळून एकच मोठं जार करणाऱ्यांनो, दोन जारमध्ये एकाच सर्व्हिसची फाइल असली तर एक दुसरीला खाऊन टाकते. मेव्हन या बिल्ड टूलच्या शेड प्लगिनमध्ये त्या फाइली जोडायचा ट्रान्सफॉर्मर आहे, तो सांगितल्याशिवाय लागत नाही. एसएलएफफोरजे २ या लॉगिंग लायब्ररीचा लॉग अचानक गप्प झाला आणि प्रोव्हायडर सापडला नाही अशी ओळ आली की आधी हेच बघा. त्यांनी निदान ती ओळ छापायची तसदी घेतलीय.

पॅकेजप्रायव्हेट · बुधवार, दुपारी १२:१०

अपडेट. सजेस्ट-प्रोव्हायडर्स ला एक्स्पोर्टरचं पूर्ण नाव देऊन चालवलं. दोनच ओळी. सीएसव्ही आणि एक्सेल. पीडीएफचं जार त्याच फोल्डरमध्ये आहे, डोळ्यासमोर दिसतंय. मॉड्यूल-इन्फोत प्रोव्हाइड्स लिहिलेलं आहे, कंपाइलही होतंय. आता मी भुताखेतांवर विश्वास ठेवायच्या बेतात आहे.

सेमीकोलनताई · बुधवार, दुपारी १२:३०

सोर्समधलं मॉड्यूल-इन्फो बघू नकोस, जारमधलं बघ. जार कमांडला --डिस्क्राइब-मॉड्यूल आणि फाइलचं नाव दे. रिक्वायर्स, युजेस, प्रोव्हाइड्स सगळं छापून येतं. प्रोव्हाइड्सच्या ओळीत सर्व्हिसचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ.

पॅकेजप्रायव्हेट · बुधवार, दुपारी १२:५२

सापडलं!!!!

जारमधल्या ओळीत इंटरफेसचं पॅकेज रिपोर्ट-डॉट-एसपीआय आहे. आमच्याकडे मधे पॅकेजचं नाव बदलून रिपोर्ट-डॉट-एपीआय केलं होतं. सोर्स सगळीकडे बदललाय, पण बिल्डमध्ये पीडीएफ मॉड्यूलची आवृत्ती जुन्या क्रमांकावर पिन केलेली, त्यामुळे लोकल रिपॉझिटरीतून जुनंच जार येत होतं. आयडीई थेट सोर्समधून चालवतं म्हणून तिथे सगळं गोड. पण मला एक कळत नाही, जुन्या नावाचा इंटरफेस आता अस्तित्वातच नाही, तरी कोणीच का बोललं नाही? कंपायलर नाही, जेलिंक नाही, लाँचर नाही.

जुनंखोड · बुधवार, दुपारी १:२०

कंपायलर बोलतो, पण त्याच्यासमोर असेल तेवढ्यावर. प्रोव्हाइड्स लिहिताना तो कडक असतो, क्लास त्याच मॉड्यूलमधला हवा, पब्लिक हवा, आणि प्रोव्हायडर नावाची पब्लिक स्टॅटिक मेथड नसेल तर ॲब्स्ट्रॅक्ट नको, रिकामा पब्लिक कन्स्ट्रक्टर हवा. तुझं जुनं जार त्या वेळच्या जुन्या एपीआयसमोर कंपाइल झालं तेव्हा ते निर्दोषच होतं. आणि युजेस लिहिताना कंपायलर फक्त तो इंटरफेस अस्तित्वात आहे का बघतो, देणारा कोणी आहे का हे विचारतच नाही.

पुढे लाँचरसाठी प्रोव्हाइड्स ही डिस्क्रिप्टरमधली नुसती अक्षरं. कोणी त्या नावाचं युजेस केलं तरच तो त्या मॉड्यूलकडे वळून बघणार. जुनं नाव कोणी वापरत नाही, म्हणून मॉड्यूल आतच आलं नाही, आत आलं नाही म्हणून क्लास लोड झाला नाही, लोड झाला नाही म्हणून एरर नाही.

सेमीकोलनताई · बुधवार, संध्या. ५:३०

यासाठी आम्ही जी तपासणी लिहिलीय ती सांगते, २०-२५ ओळींची आहे. मॉड्यूल-फाइंडरला जारांचं फोल्डर द्यायचं, फाइंड-ऑल बोलवायचं, प्रत्येक मॉड्यूलचा डिस्क्रिप्टर मिळतो. काहीही लोड होत नाही, चालवावं लागत नाही. डिस्क्रिप्टरवर युजेस ही मेथड सर्व्हिसच्या नावांचा सेट देते आणि प्रोव्हाइड्स ही कोण कुठली सर्व्हिस देतं ते. ऑटोमॅटिक जारांचे प्रोव्हाइड्सही त्यातच येतात. मग दोन प्रश्न विचारायचे. कुठल्या युजेसला एकही प्रोव्हायडर नाही? आणि कुठल्या प्रोव्हाइड्सला एकही वापरणारा नाही? पहिला सगळे विचारतात, दुसरा कोणी विचारत नाही, आणि पॅकेजप्रायव्हेटचं पीडीएफ दुसऱ्यातच पकडलं गेलं असतं, कारण पहिल्यात एक्स्पोर्टरला दोन प्रोव्हायडर दिसतायत म्हणजे पास!

हे फक्त स्वतःच्या पॅकेजने सुरू होणाऱ्या सर्व्हिसपुरतं करा. जेडीकेच्या मॉड्यूलमध्ये प्रोव्हायडर नसलेले युजेस मुद्दाम ठेवलेले खूप असतात, तिथे बोंब मारत बसलात तर दोन दिवसांत लोक तपासणीच बंद करतील. आपल्याकडेही एखादी सर्व्हिस ऐच्छिक असते, तिची छोटी यादी अपवाद म्हणून ठेवा.

दुसरी तपासणी इमेजच्या आतून. ॲपला एक लपवलेला ऑप्शन ठेवलाय, तो दिला की बूट लेयरमधली (ॲप सुरू होताना आत आलेली) मॉड्यूल फिरून तेच दोन प्रश्न विचारतो आणि शून्य किंवा एक कोड देऊन बंद होतो. बिल्डच्या शेवटी बनलेल्या इमेजमधून तो चालवतो. टेस्ट रनरच्या आत चालवून उपयोग नाही, तिथलं जग वेगळं असतं, आयडीईसारखंच.

नवाभिडू · बुधवार, संध्या. ६:०५

तपासणीत प्रोव्हायडर खरंच तयार करून बघता का? की नुसती नावं?

सेमीकोलनताई · बुधवार, संध्या. ६:२५

इमेजमधल्या तपासणीत करतो. पण फॉर लूपने नको. एखाद्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये काही फुटलं तर सर्व्हिस-कॉन्फिगरेशन-एरर लूपच्या मधेच पडते आणि पुढच्यांचा पत्ता लागत नाही. जावा ९ पासून सर्व्हिसलोडरवर स्ट्रीम आहे, तो प्रोव्हायडर अजून न बनवता देतो, त्याला टाइप विचारला की क्लासचं नाव कळतं, आणि गेट बोलावलं की तेव्हा बनतो. प्रत्येक गेट वेगळ्या ट्राय-कॅचमध्ये. मग एकाच रनमध्ये कोण फुटलं, कोण नाही, पूर्ण यादी मिळते.

पॅकेजप्रायव्हेट · गुरुवार, सकाळी ११:१५

झालं मंडळी. पीडीएफची आवृत्ती सरळ केली, डिस्ट्रिब्युशन मॉड्यूल बनवलं, बाइंड-सर्व्हिसेस काढलं, इमेज पुन्हा बारीक. क्रिप्टो आणि लोकेलडेटा आधीच नावाने घातले, रात्रीचा_बिल्ड यांच्या कृपेने. ताईंची तपासणी लावली तर एक अनाथ प्रोव्हायडर अजून निघाला, जुन्या थीम लोडरचा, तो कधीपासून मेलेला होता कोणालाच माहीत नव्हतं, डिलीट केला.

मेनूत तिन्ही आले. फक्त आता पीडीएफ सगळ्यात वर आणि सीएसव्ही खाली, आधी उलटं होतं. टेस्टिंगवाल्याने बग टाकलाय 😀

जुनंखोड · गुरुवार, सकाळी ११:३०

एकाच मॉड्यूलमध्ये अनेक प्रोव्हायडर असतील तर ते प्रोव्हाइड्समध्ये लिहिलेल्या क्रमाने येतात. वेगवेगळ्या मॉड्यूलमधले कुठल्या क्रमाने येतील याची हमी नाही, आजवर तुझं नशीब. एक्स्पोर्टरवर क्रमांक देणारी मेथड टाक आणि मेनू भरायच्या आधी सॉर्ट कर.

पॅकेजप्रायव्हेट · गुरुवार, सकाळी ११:३४

टाकतो. इंटरफेस बदलतोय म्हणजे तिन्ही मॉड्यूलच्या आवृत्त्या वाढवायच्या, पिनसकट 🙏